पिंपळगावाहून लंडन किती लांब?

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिलं, तर नाशिक जिल्ह्यातलं पिंपळगाव बसवंत हे मुंबईपेक्षा लंडनला जवळ आहे. फार नाही, दहा-बारा किलोमीटरच. पिंपळगाव मुंबईच्या पूर्वेला असलं, तरी एक अंशाहून थोडं अधिक उत्तरेलाही आहे, आणि लंडनची सर्वांत जवळची रेघ सुरुवातीला वायव्येकडे चढत जाते. पूर्वेला असण्याचा तोटा उत्तरेला असण्याने भरून निघतो, वर थोडं शिल्लक राहतं. मुंबई विमानतळ ते हीथ्रो साधारण ७,२१० किलोमीटर. पिंपळगाव ते हीथ्रो ७,२०० च्या आसपास. गावात कुणाला हा हिशेब सांगितला, तर तो विचारेल, मग विमान टोलनाक्यावर थांबतं का?

प्रश्न रास्त आहे. लंडनला निघालेल्या पिंपळगावकराला आधी दोनशे किलोमीटर उलट दिशेला, नैऋत्येकडे, मुंबईला जावं लागतं. चार-पाच तास रस्त्याचे, तीन तास विमानतळावरच्या रांगांचे, मग नऊ-दहा तास हवेत आणि उतरल्यावर पुन्हा दोनेक तास. तिकिटावर मात्र नऊ-दहाच छापलेले असतात.

मोबाइलवर दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि प्रवासाचा वेळ असे दोन आकडे शेजारीशेजारी येतात, म्हणून ते एकाच जातीचे वाटतात. किलोमीटरचा आकडा भूमितीचा आहे. गोल, त्यावरचे दोन बिंदू आणि शाळेतल्या त्रिकोणमितीच्या जरा पुढचं गणित. तो पेशवाईतही तेवढाच होता. तासांचा आकडा मात्र कुणीतरी कुणाला तरी दिलेल्या शब्दातून जन्माला येतो. अमुक दिवसांत पोचवतो, नाही पोचवलं तर पैसे कापून घ्या, असा तो व्यवहार. त्याचं मूळ शोधायचं तर नकाशा मिटून ठेवावा आणि बोली, मक्ते, वेळापत्रकं चाळावीत.

जुन्या काळी लांबचं अंतर कोसांत सांगत आणि मजलांत कापत. कोस म्हणजे ढोबळ दोन मैल, तोही मुलखागणिक बदलणारा. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. पाणी कुठे मिळतं, ओझं किती आहे, वाटेत घाट आहे का, यावर तिची लांबी ठरे. तोफा ओढणाऱ्या फौजेची मजल आखूड, एकट्या जासुदाची लांब. एकाच वाटेची दोन माणसांना दोन अंतरं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

दिवसांच्या बाबतीत सर्वांत काटेकोर असायचे सावकार. मुदतीच्या हुंडीचा बट्टा दिवसांवर ठरे; कागद या पेठेतून त्या पेठेत किती दिवसांत पोचतो हे ज्याला नेमकं ठाऊक, त्याचा धंदा बसे. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना तिचा निकाल कसा कळला, याची ग्रँट डफने दिलेली हकिगत प्रसिद्ध आहे. औरंगाबादच्या सावकारांसाठी ठरलेल्या दिवसांच्या बोलीवर धावणारा एक कासीद वाटेत त्यांच्या लोकांच्या हाती लागला, आणि त्याच्याजवळचं पत्र उघडल्यावर पेशव्यांना घात झाल्याचं समजलं. सत्तेच्या डाकेआधी बाजाराची डाक पोचली होती. मला ही गोष्ट पानिपतच्या इतर अनेक गोष्टींपेक्षा जास्त बोलकी वाटते.

पिंपळगाव ज्या वाटेवर आहे, ती उत्तरेकडची जुनी वाट. थळघाट चढून नाशिक, मग पिंपळगाव, पुढे चांदवड, जिथे होळकरांचा रंगमहाल अजून उभा आहे, आणि मालेगाव-धुळे करत माळव्यात. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून असल्याच वाटांनी हिंडत. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात या वाटेचा मुंबई-आग्रा रोड केला आणि तिच्यावर मैलाचे दगड रोवले. मुंबईत हे दगड कोटातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले होते. आज मुंबईकर ज्याला एलबीएस मार्ग म्हणतो, तो याच आग्रा रोडचा तुकडा. दगड आले आणि माणूस असो की बैल, अंतर सगळ्यांना सारखंच लागू झालं. शिवाय ते कुठून मोजायचं, हेही ठरून गेलं. पिंपळगाव मुंबईपासून किती, हे दगडावर लिहिलं जाऊ लागलं. मुंबई पिंपळगावापासून किती, असं कुणी लिहिलं नाही.

आता लंडनकडे. शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून, मुंबई ते लंडन प्रवासाला चार ते सहा महिने लागत. वाऱ्याने साथ दिली नाही तर त्याहून जास्त. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या अधिकाऱ्याने लंडनला काही विचारलं आणि उत्तर यायला दीड वर्ष गेलं, तर त्यात नवल नव्हतं. ज्या काळात आग्रा रोडवरच्या गावांची लूट, जप्ती, तह आणि तैनाती फौजा ठरत होत्या, त्या काळात लंडन कंपनीच्या माणसांनासुद्धा हाकेच्या बाहेर होतं. विचारून काही करायचं म्हटलं तरी सोय नव्हती, आणि न विचारता केलेल्या पुष्कळ गोष्टींना ती सोयीची सबब होती.

या महिन्यांचे आठवडे करण्याचा पहिला ठोस प्रयत्न मुंबईतच झाला. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० ला सुएझकडे निघाली. तिच्यात कोळसा मावायचा साडेपाच दिवसांचा, आणि एडनपर्यंतचा पल्ला त्याच्या दुप्पट. तेव्हा उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरला गेला. तेहतीस दिवसांनी, २२ एप्रिलला, ती सुएझला लागली, पण त्यांतले दहा-बारा दिवस वाटेतल्या बंदरांत कोळसा चढवण्यात गेले होते. म्हणजे वेग इंजिनाचा नव्हता, हमालांचा होता. पुढच्या काही वर्षांत थॉमस वॅगहॉर्न नावाच्या खटपट्या माणसाने इजिप्तच्या वाळवंटातून सुएझ-कैरो-अलेक्झांड्रिया अशी टपालाची खुष्कीची वाट बसवली. पी अँड ओ कंपनीच्या बोटी आल्या, सरकारने टपालाचे मक्ते दिले, आणि त्या मक्त्यांत उशिरासाठी दंड ठेवला. सावकाराच्या कासिदाची बोली आता समुद्रावर चालू लागली होती.

१७ नोव्हेंबर १८६९ ला सुएझ कालवा उघडला. मुंबई-लंडन समुद्रमार्ग केपवरून सुमारे १९,८०० किलोमीटर होता, तो सुएझवरून ११,६०० वर आला. त्याच्या थोडं आधी, अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाची जी तेजी आली आणि १८६५ मध्ये कोसळली, तिच्या काळात लिव्हरपूलच्या भावाची खबर विलायती टपालाच्या बोटीने यायची. कापूसवाल्यांचे डोळे बंदराकडे लागलेले असत. १८७० मध्ये समुद्राखालची तार जोडली गेली आणि बातमीचं लंडन तासांवर आलं. माणसाचं लंडन मात्र आठवड्यांतच राहिलं. तोवर समुद्रावर माणूस, माल आणि बातमी एकाच गतीने चालत. इथून पुढे प्रत्येकाचं अंतर निराळं झालं.

रेल्वेने पिंपळगावाला थोडा चकवाच दिला. थळघाटातला रूळ १ जानेवारी १८६५ ला सुरू झाला. ३७ फुटांत एक फूट असा तो चढ. आजही कसाऱ्याला गाड्यांना मागून रेटायला जादा इंजिनं लावतात, रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. घाट संपल्यावर रूळ नाशिक रोडवरून निफाड, लासलगावकडे वळले. पिंपळगाव रुळांच्या बाहेर पडलं. एखादं दुसरं गाव असतं तर आक्रसलं असतं. पण पिंपळगावाकडे आग्रा रोड होता, आणि पुढे ट्रकचा जमाना आल्यावर तोच रोड त्याचं नशीब झाला. कांदा, टोमॅटो, द्राक्षं, सगळा बाजार हायवेच्या अंगाने वाढला. रूळ न मिळालेल्या गावाला रस्ता असा पावतो, हे मला इतिहासाच्या चांगल्या थट्टांपैकी एक वाटतं.

रेल्वेने आणखी एक गोष्ट केली: घड्याळ आणलं. त्याआधी जिथे सूर्य डोक्यावर, तिथे दुपारचे बारा. पिंपळगावात मध्यान्ह मुंबईच्या साडेचार मिनिटं आधी होते. हा फरक बैलगाडीच्या प्रवासात कुणाला जाणवायचं कारण नव्हतं, पण एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येणार असतील तर तो जिवावर बेततो. रेल्वेने मद्रासची वेळ धरली. मुंबई आपली वेळ धरून बसली, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ लागू केली, तेव्हा मुंबईकरांनी ती सहजी मानली नाही. शहराच्या काही कारभारात ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता. प्रमाणवेळेनुसार पिंपळगावातली मध्यान्ह आता बारा वाजून साधारण चौतीस मिनिटांनी होते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. मुंबईहून दुपारी निघालेला मुलगा त्याच दिवशी संध्याकाळी लंडनला उतरला, म्हणजे पाच तासांतच पोचला की, असा हिशेब करणारे आजोबा अजून भेटतात. त्यांचं फार चुकतं असंही नाही. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोचण्याची लंडनची छापलेली असते. मधले साडेचार-साडेपाच तास कुणीतरी घड्याळातून काढून घेतलेले असतात.

मराठी माणसाच्या लांबच्या प्रवासाचं मोजमाप करायचं तर आनंदीबाई जोशींपाशी थांबावं लागतं. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा, सोबत नवरा नाही, आणि जवळजवळ दोन महिने. आज मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान आहे, सुमारे साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा-सोळा तास. पण दोन महिन्यांत नुसतं अंतर कापलं जात नव्हतं. बोटीवर खायचं काय, नेसायचं काय, कुणाशी बोलायचं, हे सगळं त्या वाटेतच ठरवत गेल्या असणार. जिथे पोचायचं तिथला थोडासा माणूस वाटेतच होऊन जायचा. आताचा विद्यार्थी शिवाजीनगरच्या किंवा नाशिकच्या घरातून निघतो आणि दुसऱ्या दिवशी बर्फात उभा राहतो. जुळवून घ्यायचे दोन महिने त्याला तिथे गेल्यावर काढावे लागतात. प्रवासातून वाचलेला वेळ कुठेतरी फेडावाच लागतो, असं मला वाटतं.

विमान आलं ते सुरुवातीला मुख्यतः टपालासाठी. इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा ३० मार्च १९२९ ला सुरू झाली. सात दिवस लागत, आणि त्यातही युरोपातला बाझेल ते जिनोआ हा टप्पा आगगाडीने करावा लागे. विलायतेचं टपाल कराचीला येऊन पडू लागलं, ते पुढे मुंबई-मद्रासला न्यायला कुणीतरी हवं होतं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून पस मॉथ हे छोटं विमान उडवलं, अहमदाबादला थांबून दुपारी जुहूला उतरवलं. विमानात उतारू नव्हता. पंचवीस किलो टपाल होतं. भारतातल्या नागरी हवाई वाहतुकीचा जन्म असा एका टपालाच्या पिशवीपोटी झाला. सावकाराचा कासीद, पी अँड ओचा मक्ता आणि टाटांची पिशवी हे एकाच घराण्यातले.

स्वातंत्र्यानंतर वर्ष पुरं व्हायच्या आत, ८ जून १९४८ च्या रात्री, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघालं. कैरो आणि जिनिव्हाला थांबा. शिडाच्या जहाजाचे महिने, आगबोटीचे आठवडे, आणि आता सगळा प्रवास एका दिवसाच्या घरात.  १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि दिवसाचेही तास उरले.

तिकिटावरच्या तासांचं आजचं रूपही पाहण्यासारखं आहे. त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. विमान हवेत असण्याचा तो वेळ नव्हे. जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या जागेवर थांबेपर्यंतचा, धावपट्टीवरची रांग आणि उतरण्याआधीच्या घिरट्या धरून. त्यात कंपन्या थोडी भर आधीच घालून ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी विमान ‘वेळेवर’ पोचतं. शिवाय वारा. वरच्या थरातला जोराचा पश्चिमी वारा लंडनहून येताना पाठीवर असतो, जाताना तोंडावर. एकाच आकाशाची जायची आणि यायची लांबी सारखी नसते. हिवाळ्यात तर तासाभराचा फरक सहज पडतो. मजलीची आठवण होते.

या सगळ्या काळात पिंपळगावाच्या शेजारी काय चाललं होतं, ते सांगायला हवं. इथून दहा-बारा किलोमीटरवर ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला, मिग-२१ बांधण्यासाठी. आजही लोक ‘ओझर मिग’ म्हणतात. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान या पट्ट्यात बनत होतं, कांदा बैलगाडीतून बाजाराला येत होता आणि मुंबईला जायला एसटीत अर्धा दिवस जात होता. नंतर तिथे सुखोई आली. द्राक्षबागेत विरळणी करणाऱ्या बायका आवाज ऐकून मान वर न करताही कुठलं विमान आहे ते सांगतात, असं म्हणण्याची पद्धत आहे. मी ते तपासून पाहिलेलं नाही. ओझरला प्रवासी टर्मिनल २०१४ मध्ये झालं. मधे छोटं विमान मुंबईलाही जात असे, पण ते कधी बसलं नाही: घरून ओझर, तिथली तपासणी, मुंबईची गर्दी हे धरलं की रस्ताच बरा. दिल्ली, हैदराबाद, अहमदाबाद मात्र ओझरहून खरोखर जवळ झालं. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा उघडला, आणि बोगद्यातून घाट ओलांडता येऊ लागल्यावर मुंबईच्या विमानाची गरज आणखी कमी झाली. जवळच्या गावाला वेगवान वाहनाचा उपयोग नसतो.

अंतर लांबवता येतं, हे पिंपळगावच्या शेतकऱ्याने एकदा स्वतः करून दाखवलं आहे. नोव्हेंबर १९८० मध्ये शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली कांदा आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे रोखली. पिंपळगावचे माधवराव मोरे त्या आंदोलनाच्या आघाडीला होते. आग्रा रोडवर ट्रकांच्या रांगा लागल्या. खेरवाडीला रुळांवर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात दोघांचा जीव गेला. मुंबई आणि उत्तर हिंदुस्थान यांच्यामधलं अंतर त्या दिवसांत मोजता येईना. ज्या रस्त्यावरचे दगड मुंबईने मोजले होते, तो कधी चालू ठेवायचा हे काही काळ तरी कांदेवाल्यांनी ठरवलं. दिल्लीला पिंपळगाव किती जवळ आहे, हे त्यानंतर सरकारला चांगलं समजलं. कांद्याच्या भावाची धास्ती अजून तिथे टिकून आहे.

सुरुवातीच्या त्या दोऱ्याकडे पुन्हा पाहू या. पिंपळगावाहून लंडनला ताणलेला दोरा कुठून जातो? गुजरातवरून सिंध, मग बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, कॉकेशसचे डोंगर, अझोवचा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी, आणि मग इंग्लंड. आता यादीवर नजर टाका. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद. पाकिस्तानचं आकाश २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर जुलैपर्यंत बंद होतं, आणि २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. जून २०२५ मध्ये युद्धामुळे इराणच्या आकाशातूनही विमानं पळाली. ७,२०० किलोमीटर हा आकडा खरा आहे, पण त्यावरून कुणी उडत नाही. मुंबईची विमानं समुद्रावरून, आखातावरून वळसा घेतात. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना तर इंधनासाठी व्हिएन्नाला उतरायची वेळ आली, १९४८ च्या कैरो-जिनिव्हासारखी.

पिंपळगावच्या आभाळाकडे पाहणाऱ्यांपेक्षा समुद्राकडे पाहणारे जास्त आहेत, आणि त्यांचं लंडन निराळं आहे. निर्यातीचं थॉमसन जातीचं द्राक्ष सकाळी खुडलं जातं, कारण ऊन चढलं की मणी तापतात. पॅकहाउसमध्ये घड साफ होतात, पेट्या भरतात, प्रीकूलिंगला माल शून्याच्या जवळ आणला जातो, सल्फरचा पेपर टाकला जातो, आणि कंटेनर न्हावाशेव्याच्या बंदराकडे निघतो. तिथून सुएझमार्गे रॉटरडॅम किंवा इंग्लंडचं बंदर साधारण तीन आठवडे. द्राक्षाच्या देठाला हे बरोबर समजतं. देठ हिरवा आहे तोवर माल ताजा. तो सुकून तपकिरी झाला की मणी गोड असला तरी तिकडचा खरेदीदार भाव पाडतो. इथे अंतर मोजायचं एकक देठ आहे. विमानाने पाठवलं तर दोन दिवसांत पोचेल, पण भाड्यातच सगळं जाईल. म्हणून द्राक्षं बोटीने जातात आणि विमानाची जागा भेंडी-मिरचीसारख्या नाजूक मालाला मिळते. द्राक्ष बागाईतदारांची महाग्रेप्स ही संस्था १९९१ मध्ये स्थापन झाल्यापासून या तीन आठवड्यांभोवती सगळं शास्त्र रचलं गेलं आहे: छाटणी कधी, साखर किती चढली की खुडायचं, पेपर कोणता.

तो तीन आठवड्यांचा शब्द दोनदा मोडला. मार्च २०२१ च्या २३ तारखेला ‘एव्हर गिव्हन’ हे चारशे मीटर लांबीचं जहाज सुएझमध्ये आडवं फसलं, तेव्हा आपला हंगाम भरात होता. सहा दिवसांनी ते निघालं, मागची रांग सुटायला आणखी दिवस गेले. दुसरी वेळ जास्त वाईट. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हूतींनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, आणि डिसेंबरमध्ये मोठ्या कंपन्यांनी सुएझ सोडून दिला. २०२४ च्या हंगामातली नाशिकची द्राक्षं लंडनला निघाली ती केप ऑफ गुड होपवरून, १८६९ च्या आधीच्या वाटेने. दोन आठवडे जास्त, भाडं कित्येक पटींनी वाढलेलं. दीडशे वर्षांपूर्वी कालव्याने वाचवलेले आठ हजार किलोमीटर पुन्हा वाटेत आले. बागाईतदारांच्या बोलण्यात लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंडेबचं नाव द्राक्षाच्या भावासोबत येऊ लागलं. काहींनी माल दुबई-बांगलादेशकडे वळवला, काहींनी देशातल्याच बाजाराला दिला.

यातली खोच भूगोलाने घातलेली आहे. ज्या महिन्यांत पिंपळगावची द्राक्षं युरोपला निघतात, त्याच महिन्यांत दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केपमधली द्राक्षं खुडली जातात, आणि केप टाउन बंदरातून त्याच युरोपला जातात. न्हावाशेव्याहून निघालेला कंटेनर समुद्रात दोन-अडीच आठवडे काढून केपपाशी येतो, तेव्हा तिथे त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा माल नुकताच बोटीवर चढत असतो. पुढचा प्रवास दोघांचा सारखाच. फक्त एकाचा देठ आजचा असतो आणि दुसऱ्याचा अठरा दिवसांचा. आणि मे महिन्यात इजिप्तची द्राक्षं सुरू होतात. ती भूमध्य समुद्रावरच्या बंदरातून निघतात, त्यांना लाल समुद्र लागतच नाही. पिंपळगावचा व्यापारी लंडन किती लांब हे विचारतो तेव्हा त्याला किलोमीटर नको असतात. चिली आणि आफ्रिकेचा माल तिकडे संपायला किती दिवस, इजिप्तचा यायला किती दिवस, आणि मधल्या फटीत आपली बोट लागते का, एवढंच त्याला हवं असतं. २०२४ मध्ये ती फट दोन आठवड्यांनी अरुंद झाली होती.